डॉक्टरांची जबाबदारी आणि आमचा अंगठा

दसरा होऊन चार दिवस झाले होते. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या तयारींत होत्या. शाळा सुटल्यावर एक नवरा-बायको आमच्या दारीं आलीं. बाईचें वय तिशीच्या आंतलें. हातांत प्लॅस्टिकची पिशवी आणि तींत घडी घालून ठेवलेले कागद. ती म्हणाली, "गुरुजी, येवढं वाचून दावा. मला नेमकं काय झालं व्हतं, ते यात लिव्हलंय का बघा."

आम्हीं कागद वाचले. गेल्या उन्हाळ्यांत तालुक्याच्या गांवीं एका खासगी इस्पितळांत तिचें ऑपरेशन झालें होतें. आमच्याकडे ज्याला पिशवी काढणें म्हणतात तें, म्हणजे गर्भाशय काढून टाकण्याचें. संमतीचा छापील फॉर्म इंग्रजींत होता. रोगाचें नांव लिहिण्याची जागा कोरी होती. खालीं दोन अंगठे होते. एक नवऱ्याचा, दुसरा साक्षीदार म्हणून मुकादमाचा. जिचें पोट चिरलें त्या बाईचा अंगठा त्या कागदावर कोठेंच नव्हता.

विचारलें तेव्हां हकीकत कळली ती अशी. पोटांत दुखत होतें, अंगावरून पांढरें जात होतें. डॉक्टरांनीं सोनोग्राफीचें यंत्र लावून पाहिलें आणि सांगितलें, पिशवी खराब झाली आहे, काढली नाहीं तर कॅन्सर होईल. दुसऱ्या दिवशीं ऑपरेशन झालें. पैसे मुकादमाकडून उचल घेऊन भरले. ती उचल फेडण्यासाठीं आतां पुन्हां फडावर जावयाचें, आणि कंबर तर अशी धरली आहे कीं मोळी डोक्यावर घेववत नाहीं. नवरा खालीं मान घालून बसला होता. तो एवढेंच म्हणाला, "डाक्टर म्हनले तिथं अंगठा दिला, गुरुजी. आमाला काय कळतंय?"

वाचकहो, "आम्हांला काय कळतें" हें एक वाक्य आमच्या कष्टकरी घरांचें जेवढें नुकसान करतें, तेवढें दुष्काळ आणि सावकार मिळूनहि करीत नसतील. आजचा आमचा लेख या वाक्यावर आहे. त्या इस्पितळाचें नांव आम्ही देत नाहीं. चौकशी झाल्यावांचून कोणास दोषी ठरवणें आम्हांस पसंत नाहीं. कदाचित् त्या बाईस खरोखरच तसा रोग असेल. पण असेल तर तो कागदावर कां नाहीं, आणि तिला स्वतःला तो कां समजावून सांगितला नाहीं, हे प्रश्न विचारण्याचा तिला हक्क आहे, आणि उत्तर देणें हें डॉक्टरांवर बंधन आहे. त्यांत मेहेरबानीचा भाग नाहीं.

कोणी म्हणेल, एका बाईच्या हकीकतीवरून एवढें रान कशाला उठवतां? आमचें उत्तर असें कीं, ही एक बाई नव्हे. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्या जात असल्याचा बोभाटा झाला, तेव्हां सरकारनें चौकशी समिति नेमली. त्या वेळीं ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३,८६१ बायकांची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांत एक. सबंध देशाच्या २०१५-१६ च्या सरकारी पाहणींत, १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत हें प्रमाण सुमारें तीन होतें. बीडच्या बायका कांहीं निराळ्या मातीच्या घडवलेल्या नाहींत. मग एवढा फरक आला कोठून?

ज्यांनीं फड पाहिला आहे त्यांना हें कोडें वाटणार नाहीं. फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एक दिवस खाडा झाला तर मजुरी जाते आणि वर दंड कापला जातो. पालावर पुरेसें पाणी नाहीं, संडास नाहीं, आडोसा नाहीं. पाळीच्या दिवसांतहि ऊस तोडून मोळ्या वाहाव्या लागतात. अशानें बायकांस आजार जडतात. मग गोळ्या-औषधानें बऱ्या होणाऱ्या आजारालाहि "काढून टाका, कटकट मिटेल" असा सल्ला मिळतो. मुकादमाला खाडा नको असतो, इस्पितळाला बिल हवें असतें आणि घरच्यांना रोजची कुरकुर नको असते. तिघांचा सौदा बरोबर जमतो. ज्या चौथीचें शरीर आहे तिला मात्र कोणी विचारीत नाहीं. पुढें हाडें ठिसूळ होतात, कंबर धरते, अंगांत उष्णतेचे लोट उठतात. पिशवीबरोबर अंडाशयहि काढले असतील तर हा त्रास ऐन उमेदींतच सुरू होतो. तो भोगावयास तिघांपैकीं एकहि येत नाहीं.

बिहार, छत्तीसगड आणि राजस्थान येथूनहि अशाच तक्रारी न्यायालयांत गेल्या. त्यांवर ५ एप्रिल २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सर्व राज्यांस बजावलें कीं, विनाकारण पिशव्या काढण्यास आळा घालण्यासाठीं केंद्र सरकारनें घालून दिलेले नियम अंमलांत आणावे आणि या ऑपरेशनांवर देखरेख ठेवावी. म्हणजे हें दुखणें एका तालुक्याचें नाहीं. जेथें जेथें बाई गरीब आहे आणि कागद तिला वाचतां येत नाहीं, तेथें तेथें तें आहे.

आतां संमति म्हणजे काय, याविषयीं कायदा काय म्हणतो तें पाहूं. दिल्लीच्या एका दवाखान्यांत १९९५ सालीं एक अविवाहित बाई तपासणीसाठीं गेली. ती भुलीखालीं असतांना डॉक्टरांनीं बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमति घेतली आणि पिशवी व अंडाशय काढून टाकले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००८ सालीं निकाल लागला. न्यायालयानें सांगितलें कीं, तपासणीस दिलेली संमति ही ऑपरेशनची संमति होत नाहीं. तत्काळ जिवावर बेतलें असेल तर गोष्ट निराळी. एरवीं, सज्ञान बाई शुद्धीवर आल्यावर स्वतः उत्तर देऊं शकते, म्हणून तिच्या वतीनें आईनें दिलेली संमति चालत नाहीं. रोग काय, उपाय काय, त्यांत धोका कोणता, दुसरा उपाय आहे कीं नाहीं, आणि कांहींच न केलें तर काय होईल, एवढें समजावून सांगितल्यावर रोगी जी देतो तिला संमति म्हणावें. त्या खटल्यांत डॉक्टरांना फी सोडावी लागली आणि वर २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली.

जिच्या पोटीं ती जन्मली त्या आईची संमति जर चालली नाहीं, तर नवऱ्याची कशी चालेल? आणि मुकादमाची तर गोष्टच सोडा.

येथें आम्हांस आमच्याच घरांतल्या पुरुषांस दोन शब्द ऐकवावयाचे आहेत. बैल घेतांना आपण त्याचे दांत मोजतों, त्याला चालवून पाहतों, चार जाणत्यांस विचारतों, आणि मग विसार देतों. घरच्या लक्ष्मीच्या पोटावर सुरी चालवण्याचा कागद मात्र न वाचतां, न विचारतां, दोन मिनिटांत अंगठा उठवून मोकळे होतों. बैलाएवढीहि तिची किंमत आपल्या लेखीं नाहीं काय? त्या दिवशीं आमच्या ओट्यावर बसलेला नवरा दुष्ट नव्हता. बायकोला कॅन्सर होईल या भयानें त्यानें अंगठा दिला. पण भीतीपोटीं दिलेल्या अंगठ्यानें आणि लोभापोटीं दिलेल्या अंगठ्यानें बाईची हानि सारखीच होते. डॉक्टरांवर आपण जबाबदारी टाकणार असूं, तर आपल्या वांट्याची आधीं उचलली पाहिजे. बाईला खोलींत बोलवावें, तिच्यासमोर डॉक्टरांनीं सांगावें, तिनें ऐकावें, आणि तिनें "होय" म्हटलें तरच पुढें जावें.

डॉक्टरांवर कोणती जबाबदारी आहे, ही गोष्ट आमच्या कारागीर बंधूंस फार समजावून सांगण्याची गरज नाहीं. सुतारानें नांगर करून दिला आणि तो कातळांत अडकून मोडला, तर कोणी सुताराला बोल लावीत नाहीं. पण लाकूड किडकें आहे हें ठाऊक असून त्यानें तें वापरलें, किंवा सांधा नीट न बसवतांच नांगर हवालीं केला, तर शेतकरी तो मोडका नांगर त्याच्या दारांत नेऊन टाकतो आणि जाब विचारतो. डॉक्टरांचा कायदा याहून निराळा नाहीं. रोगी बरा होईलच अशी हमी डॉक्टर देत नाहीं, आणि कायदाहि ती मागत नाहीं. कायदा मागतो ती कसबाची आणि काळजीची हमी. त्या विद्येंतला साधारण जाणता माणूस जेवढी काळजी घेईल, तेवढी घेतली पाहिजे.

यासंबंधीं आपल्याच महाराष्ट्रांतला एक जुना खटला प्रसिद्ध आहे. १९५३ सालीं कोंकणच्या समुद्रकांठीं एका तरुणाच्या मांडीचें हाड मोडलें. त्याला दूरचा प्रवास करून पुण्यास एका नामांकित इस्पितळांत आणलें. तेथें पुरती भूल न देतांच माणसांकरवीं पाय ओढून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला, आणि त्या धक्क्यानें मुलगा त्याच दिवशीं दगावला. बाप स्वतः डॉक्टर होता, म्हणून काय चुकलें तें त्याला कळलें. त्यानें दावा लावला. १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला आणि ३,००० रुपये भरपाई कायम केली. त्या निकालांत डॉक्टरांचीं तीन कर्तव्यें सांगितलीं आहेत. हा रोगी आपण हातीं घ्यावा कीं नाहीं हें नीट ठरवणें. घेतला तर कोणता उपचार द्यावा हें नीट ठरवणें. आणि ठरवलेला उपचार नीट करणें. तिहींपैकीं एकांतहि हयगय झाली तर रोग्यास दाद मागतां येते. वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं, त्या बापाला दाद मिळाली ती तो जाणता होता म्हणून. आमच्यांतले किती बाप "देवाची मर्जी" म्हणून घरीं परतले असतील, त्यांची मोजदाद कोणीं केली आहे?

डॉक्टर म्हणजे देव, असें आमच्याकडे म्हणतात. देवापाशीं हिशेब मागतां येत नाहीं, म्हणून हें म्हणणें कांहीं लोकांच्या फार सोयीचें आहे. डॉक्टर हा माणूस आहे. विद्या शिकलेला, फी घेणारा, आणि म्हणूनच जबाबदार असलेला माणूस. सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर १९९५ मध्यें हें पक्कें केलें. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखालीं येते. ज्या इस्पितळांत कांहीं रोग्यांकडून पैसे घेतात आणि गरिबांस फुकट तपासतात, तेथें फुकट तपासलेल्या गरिबासहि हा हक्क आहे. ज्या सरकारी दवाखान्यांत सर्वांनाच सारें मोफत असतें, त्याला मात्र हा कायदा लागत नाहीं. पण म्हणून सरकार मोकळें सुटत नाहीं.

१९६३ सालची औरंगाबादच्या सरकारी इस्पितळांतली गोष्ट ऐका. एका बाळंतिणीचें मुलें बंद करण्याचें ऑपरेशन झालें आणि रक्त टिपण्याचें कापड तिच्या पोटांतच राहून गेलें. पुन्हां पोट उघडून तें काढलें, पण ती वांचली नाहीं. नवरा कोर्टांत गेला. खालच्या कोर्टांत जिंकला, हायकोर्टांत हरला, आणि १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयांत पुन्हां जिंकला. कोणत्या हातानें तें कापड राहिलें हें त्या गरीब माणसानें शोधून काढण्याची गरज नाहीं. इस्पितळ सरकारचें, नोकर सरकारचे, म्हणून भरपाई सरकारनें द्यावी, असें ठरलें. तत्त्व उत्तम ठरलें, पण तें ठरावयास तेहतीस वर्षें लागलीं. न्याय असा उशिरा मिळाला तर तो मिळाला असें तरी कसें म्हणावें?

रोग्यास दारांतून परत लावण्याबद्दलहि कायदा स्पष्ट आहे. अपघातांतल्या जखमीस पोलिसांच्या कागदाची वाट न पाहतां आधीं वांचवावें, हें सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांचें कर्तव्य आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं सांगितलें. पश्चिम बंगालमध्यें १९९२ सालीं आगगाडींतून पडून डोकें फुटलेल्या एका मजुरास एकामागून एक सरकारी इस्पितळांनीं "खाट रिकामी नाहीं" म्हणून परत लावलें. शेवटीं पदरचे पैसे मोडून त्यानें खासगी इस्पितळांत उपचार घेतले. १९९६ सालीं त्याला २५,००० रुपये भरपाई मिळाली. प्रजेचा जीव वांचवणें हें सरकारचें काम आहे, त्यांत पैशाच्या टंचाईची सबब चालणार नाहीं, असें त्या वेळीं न्यायालयानें बजावलें. प्राथमिक आरोग्य केंद्राला कुलूप पाहून जो शेतकरी परत फिरतो, त्यानें हा निकाल लक्षांत ठेवावा.

पण जबाबदारीची ही गोष्ट एका अंगानेंच सांगून चालणार नाहीं. वरच्यांचें ओझें खालच्यांच्या डोक्यावर ठेवण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षास आग लागली आणि दहा बाळें दगावलीं. जिल्हा शल्यचिकित्सकास निलंबित केलें, पण पुढें फौजदारी गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. त्यांचा दोष किती, हें ठरवणें न्यायालयाचें काम आहे. पण विजेच्या तारा कोणी तपासावयाच्या, आग विझवण्याची सोय कोणी करावयाची, रात्रपाळीला किती माणसें ठेवावयाचीं, हें ठरवण्याचा अधिकार परिचारिकेला नसतो. ज्याच्या हातीं अधिकार, त्याच्याच माथीं जबाबदारी, हा साधा न्याय आहे. त्याला सोडून पगारानें आणि दर्जानें खालच्या बाईस पुढें करणें म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आमच्या गांवची आशाताई असो कीं इस्पितळांतली सिस्टर असो, त्या आमच्याच घरांतल्या लेकी आहेत. चुकल्या तर त्यांनीं उत्तर द्यावें, पण दुसऱ्यांच्या चुकीचें नव्हे.

तसेंच, प्रत्येक मरण हा गुन्हा नसतो, हेंहि आपण समजून घेतलें पाहिजे. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, साधी चूक झाली तर भरपाईचा दावा होऊं शकतो, पण डॉक्टरांवर फौजदारी चालवावयाची तर हयगय घोर असली पाहिजे, आणि त्याविषयीं दुसऱ्या निःपक्षपाती डॉक्टरांचें मत आधीं घेतलें पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत, हयगयीनें मरण घडवणाऱ्या इतरांस पांच वर्षांपर्यंत, तर उपचार करतांना तसें घडल्यास नोंदणी झालेल्या डॉक्टरांस दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. हा भेद कोणास रुचेल, कोणास रुचणार नाहीं. पण हात थरथरत राहिला तर सुरी नीट चालणार नाहीं, आणि धोक्याचा रोगी कोणी हातींच घेणार नाहीं, हा त्यामागचा विचार अगदींच टाकाऊ नाहीं.

म्हणून इस्पितळांत कोणी दगावला कीं कांचा फोडणें, डॉक्टरांच्या अंगावर धावून जाणें, सिस्टरला शिव्या देणें, हा जो प्रकार कांहीं ठिकाणीं होतो, त्याचा आम्ही निषेध करतों. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानें त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई आहे. शिक्षेच्या भयापेक्षांहि मोठी गोष्ट ही कीं, दगड उचलला त्या क्षणीं आपण फिर्यादीचे आरोपी होतों. कागद मागण्याचें सोडून आपण कोर्टाच्या तारखा खात बसतों, आणि ज्यानें खरोखर हयगय केली तो हंसत घरीं जातो. शिवाय गांवांत राहावयास तयार असलेला एखादा भला डॉक्टरहि गांव सोडतो.

भले डॉक्टर आणि भल्या सेविका आहेत, म्हणूनच आपण आजवर जगलों. १८९७ सालच्या प्लेगांत माणसें आपल्या माणसांस टाकून पळत होतीं, तेव्हां सावित्रीबाई फुले व त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनीं पुण्याबाहेर दवाखाना चालवून रोग्यांची सेवा केली. त्याच सेवेंत प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाईंनीं देह ठेवला. कायद्यानें कोणाकडून एवढें मागतां येत नाहीं, आणि आम्ही मागतहि नाहीं. आम्ही मागतों तें फार थोडें आहे. खरें सांगा, समजेल असें सांगा, विचारून करा, आणि केलें तें लिहून द्या.

आतां वाचकांनीं काय करावें, तें थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट, डॉक्टरांस मराठींत सांगावयास लावावें. रोगाचें नांव कागदावर लिहून मागावें. फॉर्म इंग्रजींत असेल तर वाचून घेतल्यावांचून सही-अंगठा करूं नये, आणि कोऱ्या जागेखालीं तर कधींच करूं नये.

दुसरी गोष्ट, जिचें किंवा ज्याचें शरीर, त्याचीच संमति. मुकादम, सरपंच, भाऊबंद यांनीं साथ द्यावी, अंगठा देऊं नये.

तिसरी गोष्ट, जिवावर बेतलें नसेल तर ऑपरेशनपूर्वीं दुसऱ्या डॉक्टरांस दाखवावें. सरकारी रुग्णालयांत हें कमी खर्चांत होतें. "आजच्या आज काढा" असें कोणी म्हणेल तर "आजच कां?" एवढें विचारावें. खरें कारण असेल तर डॉक्टर सांगतील.

चौथी गोष्ट, कागद. डॉक्टरांच्या आचाराचे २००२ सालचे नियम आहेत. त्यांप्रमाणें इस्पितळांत दाखल झालेल्या रोग्याचे कागद तीन वर्षें जपून ठेवणें, आणि रोग्यानें मागितल्यास ७२ तासांच्या आंत देणें, डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रोगी पाठवल्याबद्दल दलाली देणें-घेणेंहि त्याच नियमांनीं मना आहे. कागद मागतांना अर्ज लेखी द्यावा, आणि त्याच्या नकलेवर पोंच घ्यावी. पैसे दिले त्याची पावती घ्यावी.

पांचवी गोष्ट, दाद. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करतां येते. तें डॉक्टरांचें नांव नोंदवहींतून कांहीं काळ किंवा कायमचें काढूं शकतें. भरपाईसाठीं जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथें तक्रार दोन वर्षांच्या आंत करावी लागते. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं, आणि दिलेली रक्कम पांच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाहीं. दोन वर्षें ही मुदत आमच्यासारख्यांना फार थोडी आहे. दोन हंगाम फडावर गेले कीं ती संपते. म्हणून आज नको उद्यां, असें करूं नये.

आमच्या शिक्षक बंधूंसहि एक विनंति आहे. गांवांत ज्याला वाचतां येतें त्याच्या दारीं लोक कागद घेऊन येतात. ते येतील तेव्हां "वेळ नाहीं" म्हणूं नका. आठवड्यांतून एक संध्याकाळ शाळेच्या ओट्यावर बसा. सातवीच्या मुलामुलींस अर्ज लिहावयास शिकवा. पुस्तकांतला धडा चार दिवस मागें पडला तरी चालेल. आईच्या पोटावर सुरी चालवण्याचा कागद जिला वाचतां येतो, त्या मुलीचें शिक्षण वांया गेलें असें कोण म्हणेल?

त्या बाईच्या कागदांचें काय झालें, हें वाचक विचारतील. इस्पितळाकडून सर्व कागद मागण्याचा अर्ज तिच्याच सातवींतल्या मुलीनें आमच्यासमोर बसून लिहिला. आम्हीं फक्त दोन ठिकाणीं शुद्ध केला. लिहून झाल्यावर नवऱ्यानें सवयीनें हात पुढें केला. मुलगी म्हणाली, "आण्णा, हितं आईचा पाहिजे." बाईनें शाईंत अंगठा बुडवला आणि कागदावर उठवला. दुसऱ्या दिवशीं अर्ज इस्पितळांत देऊन पोंच घेतली, आणि तिसऱ्या दिवशीं टोळी निघून गेली. कागद आले कीं दुसऱ्या डॉक्टरांस दाखवूं. रोग खरा असेल तर तिच्या मनाची तळमळ तरी थांबेल, आणि खोटा असेल तर पुढचें पाऊल टाकूं. मुदत अजून शिल्लक आहे.

बंधुभगिनींनो, अंगठा लहान असतो, पण त्याच्याखालीं घरें गेलीं, शेतें गेलीं, आणि आतां शरीरें चाललीं आहेत. तो उठवण्यापूर्वीं एकदां तरी विचारा, "यांत काय लिहिलें आहे?" उत्तर मिळेपर्यंत हात मागें ठेवा.